४० मिमीची लेन्स, बॉडीत ४० ची चौकटच नाही: ३५ धरायची की ५०?

कोपराचौकट (धागाकर्ता)

लेन्स: फॉइग्टलँडर नोक्टन क्लासिक ४० मिमी एफ/१.४, एम माउंट. बॉडी: लायका एम६, ०.७२ पट दाखवणारा फाइंडर (दृश्य बघायची खिडकी). लेन्स चढवली की फाइंडरमध्ये ५० आणि ७५ च्या चौकटी (त्या लेन्समध्ये दृश्य कुठवर येईल ते दाखवणाऱ्या रेषा) उजळतात. एम६ मध्ये जोड्या तीनच: २८/९०, ३५/१३५ आणि ५०/७५. म्हणजे ४० साठी हक्काची चौकट नाही.

प्रश्न असे:
१. ५० च्या चौकटीबाहेर किती धरायचं? की ३५ ची चौकट आणून तिच्या आत राहायचं?
२. माउंटची पाकळी (लेन्स बॉडीत अडकवणाऱ्या कडीचा दात) घासून ३५ ची चौकट आणतात म्हणे. नेमकी कोणती पाकळी, किती घासायची, आणि बिघडतं काय?
३. हीच लेन्स उद्या डिजिटल एम वर लावली तर हिशेब तोच राहतो का?

'अंदाजाने जमतं हो' हे उत्तर माहीत आहे. आकडे हवेत.

---

पातळ_भिंग

आकडेच घ्या. रेंजफाइंडरच्या (अंतर जुळवून फोकस करणाऱ्या कॅमेऱ्याच्या) चौकटी फोकसबरोबर तिरक्या सरकतात, पॅरलॅक्ससाठी, म्हणजे फाइंडर लेन्सच्या शेजारी असल्याने दोघांच्या दृश्यात पडणारा फरक भरून काढायला. त्यांचा आकार मात्र बदलत नाही. लेन्सचं खरं दृश्य जवळ फोकस केल्यावर आवळतं, कारण भिंग फिल्मपासून पुढे जातं. म्हणून प्रत्येक चौकट कुठल्यातरी एकाच अंतरासाठी बरोबर असते. एम६ ची चौकट सर्वांत जवळच्या फोकस अंतरासाठी, म्हणजे ०.७ मीटरसाठी कापलेली आहे. त्या अंतराला ३५ मिमी लेन्स जवळपास ३७ मिमीसारखी वागते आणि ५० मिमी ५४ सारखी.

४० मिमी लेन्स अनंतावर ४० च राहते, १ मीटरला ४१.७ होते, ०.७ मीटरला ४२.६.

आता भागाकार करा. अनंतावर ४० चं दृश्य ३५ च्या चौकटीच्या ३७/४०, म्हणजे रुंदीत ९२ टक्के. १ मीटरला ८९ टक्के, ०.७ ला ८७. उलट ५० ची चौकट धरलीत तर अनंतावर खरं दृश्य चौकटीच्या १३५ टक्के रुंद. पस्तीस टक्के जास्तीचं रान डोळ्यांनी कल्पायचं, आणि तेही अंतरानुसार बदलणारं.

(पातळ भिंगाचं सूत्र वापरलंय. खऱ्या लेन्समध्ये मुख्य प्रतलांमधलं अंतर असतं, त्यामुळे दशांशानंतरचं फार मनावर घेऊ नका.)

---

तिसरा_ठिपका

वरच्या हिशेबात एक दुरुस्ती. लायकाच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे फिल्म एम ची चौकट पूर्ण २४×३६ ची नाही, सुमारे २३×३५ मिमीची आहे. स्लाइडच्या माउंटमध्ये कडा झाकल्या जातात, त्याची सोय. म्हणजे ३५ ची चौकट ३७ नव्हे, ३८ मिमीसारखी धरा. मग अनंतावर ४० चं दृश्य त्या चौकटीच्या ९५ टक्के! दोन्ही बाजूंना मिळून पाच, म्हणजे एका बाजूला जेमतेम अडीच टक्के. २ मीटरला ९३, १ मीटरला ९१, ०.७ ला ८९.

थोडक्यात, जुन्या एम६ वर लांबचा विषय असेल तर ३५ ची चौकट ४० साठी ३५ पेक्षाही जास्त खरी आहे. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण ३५ ची लेन्स अनंतावर त्याच चौकटीच्या बाहेर साधारण ८-९ टक्के जास्त घेते.

५० च्या चौकटीचं उलटं. दोन्ही गोष्टी धरल्या तर अनंतावर निगेटिव्हवर येणारं क्षेत्रफळ चौकटीत दिसतं त्याच्या जवळपास दुप्पट. ५० धरून फ्रेम केलेल्या ४० च्या चित्रांत विषय मध्येच आक्रसलेला का दिसतो, ते यामुळे.

---

कोपराचौकट

हे अपेक्षित नव्हतं. म्हणजे लांबच्या दृश्यासाठी ३५ ची रेषा जशीच्या तशी, आणि जवळ आलं की आतल्या कडेच्याही आत?

---

तिसरा_ठिपका

बरोबर. एम६ पुरतं लक्षात ठेवायला:
- ५ मीटरच्या पुढे: रेषेची आतली कड.
- २-३ मीटर: रेषेच्या आत, प्रत्येक बाजूला रुंदीच्या तीन-साडेतीन टक्के.
- १ मीटर आणि जवळ: प्रत्येक बाजूला पाच टक्के सोडा. पोर्ट्रेटमध्ये डोक्यावर चौकटीत थोडी मोकळी जागा दिसते, ती चित्रात येणार नाही हे धरून चाला.

---

पॅच_धूसर

पाकळीकडे जाण्याआधी फुकटचा उपाय. बॉडीच्या पुढच्या बाजूला, लेन्सशेजारी, चौकट बदलून बघायची तरफ असते. लेन्सपासून लांब ढकलली की ३५/१३५, मधोमध ५०/७५, लेन्सकडे ओढली की २८/९०. माउंट कोणतंही असो, तरफ चालते. लांबच्या बाजूला ढकलून गॅफर टेपची बारीक पट्टी लावली की ३५/१३५ कायम. लेन्स काढताना-चढवताना टेप सोडा, नाहीतर आतली स्प्रिंग विनाकारण ताणली जाते. इन्सुलेशन टेप नको. उन्हात त्याचा चिकटा सरकतो आणि काळ्या रंगावर राहतो.

महिनाभर टेपवर काढा. ४० आणि ३५ ची चौकट डोळ्यात बसत नसेल तर कानस हातात घेण्याची वेळच येणार नाही.

अपवाद: एम टाइप २४०. तिच्यात ही तरफच काढून टाकली होती. एम-पी २४० मध्ये परत आली. एम९ आणि एम१० मध्ये आहे.

---

बारीक_कानस

प्रश्न २ चं उत्तर. आधी यंत्रणा. बेयोनेटला चार पाकळ्या. लेन्स फिरवून खटका बसताना त्यांतली एक पाकळी बॉडीच्या आतल्या तरफेला ढकलते. ती जितकी जास्त ढकलेल तितका चौकटींचा मुखवटा सरकतो. सर्वांत कमी ढकललं तर ३५/१३५, मध्यम ५०/७५, सर्वांत जास्त २८/९०. म्हणून ५० वरून ३५ वर जाण्यासाठी धातू *काढावा* लागतो, आणि म्हणूनच हे घरी शक्य आहे. ३५ वरून ५० वर जायचं असतं तर धातू भरावा लागला असता.

पाकळी ओळखणं. फोटो पाहून ओळखू नका, आरशासारखं उलटं होतं. एखादी ३५ ची एम लेन्स किंवा स्क्रू-टू-एम चं ३५/१३५ चं ॲडॉप्टर शेजारी उलटं ठेवा, लाल ठिपका एकाच दिशेला. तीन पाकळ्या सारख्या दिसतील, चौथीचं टोक ३५ मध्ये आखूड असेल. तीच. खात्रीसाठी त्या टोकाला मार्करची शाई लावा, लेन्स तीन-चार वेळा चढवा-उतरवा. टोकाची शाई घासली गेली की नक्की.

सोडवणं. माउंटची कडी स्क्रूने बसवलेली असते. जपानी लेन्समधले स्क्रू जेआयएस प्रकारचे. साध्या फिलिप्सने खाचा खराब होतात आणि मग ते स्क्रू कधीच सरळ निघत नाहीत. कडीखाली कागदासारखे पातळ शिम (अंतर भरणाऱ्या चकत्या) असतील तर त्यांचा क्रम आणि बाजू लिहून ठेवा. त्यांवर अनंताचा फोकस ठरतो. एक शिम कमी बसला तर चौकट बरोबर आणि फोकस चुकलेला, असा उद्योग होतो.

कडी काढायची हिंमत नसेल तर मागचं भिंग आणि फोकसचा कॅम (लेन्सची हालचाल बॉडीतल्या रोलरला, म्हणजे रेंजफाइंडरच्या चाकाला, पोचवणारी कडी) मास्किंग टेपने दोन थरांत पूर्ण बंद करा. काम लेन्सचं तोंड वर, मागची बाजू जमिनीकडे झुकवून करा, म्हणजे कीस आत पडण्याऐवजी बाहेर गळतो.

घासणं. बारीक दात्यांची सपाट नीडल कानस. हाताने. फिरतं यंत्र नको, एका सेकंदात नको तेवढं जातं. फक्त पाकळीचं टोक आखूड करायचं. पाकळीची पाठ, पोट आणि खटक्याची खाच यांना हात लावायचा नाही. पाच-सहा हात मारा, पुसा, बॉडीवर लावून बघा. पुन्हा. किती मिलिमीटर ते मोजण्यापेक्षा फाइंडर बघत जाणं शहाणपणाचं. काढायचा धातू मिलिमीटरच्या हिशेबातला, सेंटिमीटरच्या नाही.

मध्ये एक टप्पा येतो: ५० च्या रेषा अर्धवट, ३५ च्या रेषा तुटक. मुखवटा दोन खिडक्यांच्या मध्ये अडकलाय, बिघाड नाही. चालू ठेवा. ३५/१३५ स्वच्छ आल्यावर अजून दोन-तीन हात मारा, कारण काठावर थांबलं तर दुसऱ्या बॉडीवर परत तुटक दिसू शकतं.

शेवटी कडेची धार बाराशेच्या पॉलिश पेपरने मारा. क्रोमखालचं पितळ उघडं पडेल, त्याने काही बिघडत नाही.

सफाई. पितळाला चुंबक लागत नाही, त्यामुळे चुंबक फिरवून समाधान मानू नका. ब्लोअर, मग चिकट टेपने टिपणं, मग स्पिरिटचा बोळा. पितळाचा एक कण रोलरवर किंवा शटरच्या पडद्यात गेला की त्याचं भाडं लेन्सपेक्षा जास्त भरावं लागेल.

---

जुनाट_ग्रीस

बारीक_कानस, पद्धत चोख. पण एक आक्षेप. नोक्टन आज नवी मिळते, तिला घासा हवं तर. समिक्रॉन-सी ४० एफ/२ ला कानस लावू नका. ती १९७३ च्या लायका सीएलबरोबर आलेली लेन्स, आता नवीन होणार नाही. घासलेल्या नगाला पुढचा घेणारा नाक मुरडतो.

---

बारीक_कानस

संग्रहासाठी घेऊन कपाटात ठेवायची असेल तर मान्य. रोज वापरायची असेल तर आखूड पाकळीची लेन्स जास्त उपयोगी. मात्र विकताना सांगणं बंधनकारक समजा.

---

रोलर_आणि_कॅम

समिक्रॉन-सी चा विषय निघालाच आहे तर चौकटीपेक्षा महत्त्वाची गोष्ट. एम बॉडीचा रेंजफाइंडर ५१.६ मिमीच्या लेन्सची हालचाल गृहीत धरतो. अनंतापासून १ मीटरपर्यंत यायला तेवढी लेन्स जवळपास ३ मिमी पुढे सरकते, रोलरलाही तेवढंच सरकावं लागतं. ४० मिमी लेन्स मात्र त्याच अंतरासाठी १.७४ मिमीच सरकते. हा फरक लेन्सच्या आतच भरून काढावा लागतो.

समिक्रॉन-सी मध्ये तो तिरक्या कापलेल्या कॅमने भरून काढलाय: लेन्स फिरते, उतार रोलरखालून सरकतो. उतार आला की रोलर त्यावर *नेमका कुठे* टेकतो याला महत्त्व येतं. सपाट कडी असली तर रोलर थोडा इकडेतिकडे असला तरी चालतं, उतारावर नाही. लायका बनवणाऱ्या लाइट्झ कंपनीने त्या काळी सी लेन्स एम बॉडीवर वापरण्याची शिफारस केली नव्हती, त्यामागचं कारण हेच.

व्यवहारात बहुतेक जोड्या चालतात. पण तपासल्याशिवाय धरून चालू नका:

ट्रायपॉड, १ मीटर अंतर, ४५ अंशात झुकवलेली मोजपट्टी. ॲपर्चर पूर्ण उघडं. अनंताकडून फोकस आणून तीन फ्रेम, जवळून मागे नेऊन तीन फ्रेम. दोन गटांत फरक पडला तर हेलिकॉइडमध्ये (लेन्स पुढेमागे नेणाऱ्या आट्यांत) किंवा रोलरमध्ये खेळ आहे. सहाही फ्रेम एकाच बाजूला चुकल्या तर जोडणी चुकलीय.

प्रमाणासाठी: ४० मिमी, एफ/२, १ मीटर, ०.०३ मिमीचं अस्पष्टतेचं वर्तुळ धरलं तर फील्डची खोली (स्पष्ट दिसणारा पट्टा) एकूण साडेसात सेंटिमीटर. एफ/१.४ ला सव्वापाच. त्याच्या आत एक-दीड सेंटिमीटरची चूक लपते. चारपाचची नाही लपत.

आणि एका लेन्ससाठी बॉडीचा रोलर फिरवू नका. बाकीच्या सगळ्या लेन्स बिघडतील.

---

कोपराचौकट

नोक्टनला हा उताराचा त्रास आहे का?

---

रोलर_आणि_कॅम

तिथे काळजी वेगळी. वेगवान जुन्या ढंगाची रचना, त्यामुळे ॲपर्चर बंद करताना फोकस थोडा मागे सरकतो. एफ/१.४ ला तपासून खूश होऊ नका, एफ/२ आणि एफ/२.८ लाही तीच पट्टी घ्या. एफ/५.६ च्या पुढे खोलीच इतकी वाढते की फरक बुडून जातो.

---

सेन्सरवाली

प्रश्न ३. हिशेब बदलतो, आणि ४० च्या तोट्यात. एम २४० आणि एम१० च्या चौकटी २ मीटरसाठी आणि पूर्ण सेन्सरसाठी काढलेल्या आहेत. ३५ ची चौकट तिथे ३५.६ मिमीसारखी. म्हणजे ४० चं दृश्य अनंतावर ८९ टक्के, २ मीटरला ८७, ०.७ मीटरला ८४. एम६ वर 'रेषेची आतली कड' चालत होती. इथे अनंतावरही प्रत्येक बाजूला साडेपाच टक्के सोडावे लागतात, जवळ आठ.

५० ची चौकट इथे तुलनेने कमी खोटी: अनंतावर १२८ टक्के. तरीही ३५ च बरी. जास्तीचं आत सोडणं सोपं, बाहेरचं कल्पणं अवघड.

एम९ ची चौकट १ मीटरची, दोन्हींच्या मधे: अनंतावर ९१ टक्के.

मेनूत ४० चा पर्याय नाही. हाताने ३५ किंवा ५० निवडली तर कोपऱ्यांची दुरुस्ती त्या लेन्सची लागते आणि फाइलमध्ये फोकल लेंग्थही तीच लिहिली जाते. कोपऱ्यांत रंग चढलेला नसेल तर मेनूतली लेन्सची ओळख बंद ठेवणं उत्तम.

---

पातळ_भिंग

हे सगळे टक्के कागदावरचे. प्रत्येक बॉडीचा मुखवटा थोडा इकडेतिकडे असतो, म्हणून एकदा स्वतःच्या जोडीचं माप घ्या. फरशा किंवा विटा दिसणारी सपाट भिंत, बॉडी भिंतीला समांतर, बरोबर २ मीटर. फाइंडरमधून ३५ च्या चौकटीच्या चार आतल्या कडा कुठल्या फरशीवर पडतात ते भिंतीवर टेपने खुणा करा. एक फ्रेम घ्या. मग निगेटिव्ह लाइट टेबलवर लुपने मोजा. स्कॅनवर नको, स्कॅनरचा मुखवटा कडा खातो आणि तुम्ही लेन्सला दोष द्याल. हेच १ मीटरला आणि १० मीटरला. तीन फ्रेममध्ये जन्माचं काम होतं.

---

अर्धा_स्टॉप

बॉडी बदलायची तयारी असेल तर प्रश्नच संपतो. फॉइग्टलँडर बेसा आर३ए आणि आर३एम मध्ये ४० ची चौकट आहे, आणि फाइंडर १:१, दोन्ही डोळे उघडे ठेवून वापरता येतो. मिनोल्टा सीएलई मध्ये २८, ४०, ९०. लायका सीएल मध्येही ४० आहे. फक्त तिचा परिणामी पाया (रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले फाइंडरचा पट; जितका जास्त तितका फोकस अचूक) १८.९ मिमी, एम६ चा ४९.९. एफ/२ ला ठीक, एफ/१.४ ला जवळून मागेपुढे होणार.

बेसामध्ये चौकट बोटाने बटण सरकवून निवडतात, लेन्सची पाकळी तिथे काहीच ठरवत नाही. त्यामुळे घासलेली लेन्सही तिथे जशीच्या तशी चालते.

---

चष्माबहाद्दर

एम३ वर कोणी काही बोललं नाही. त्यात ३५ ची चौकटच नाही, म्हणून घासून उपयोग शून्य. ०.९१ च्या फाइंडरमध्ये ५० ची चौकट कायम दिसते. तिच्या बाहेरचा सगळा भाग, खिडकीच्या काठापर्यंत, ढोबळमानाने ४०. चष्मा असेल तर तो काठ दिसतच नाही, डोळा फिरवावा लागतो.

वर बसवायचा ४० चा वेगळा फाइंडर मिळतो, चित्र स्वच्छ दिसतं. पण फोकस एका खिडकीत, चौकट दुसऱ्या, पॅरलॅक्सची दुरुस्ती नाही. आणि खिशात मावणारी लेन्स घेऊन डोक्यावर तुरा लावायचा, हे माझ्या बुद्धीला पटत नाही.

---

जुनाट_ग्रीस

जाता जाता फिल्टरचं, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. नोक्टन ४० एफ/१.४ ला ४३ मिमी. सीएलई च्या एम-रोकॉरला ४०.५. समिक्रॉन-सी ला सिरीज ५.५ ची बिनआट्यांची काच, हूडच्या कडीखाली दाबून बसवायची. तिच्यात ३९ चा साधा फिल्टर एक फेरा जातो आणि अडतो, कारण लेन्सचे आटे ०.७५ चे आणि फिल्टरचे ०.५ चे. अडल्यावर जोर लावला की आटे गेले. हूडशिवाय काचच टिकणार नाही, म्हणून लेन्स घेताना हूड सोबत आहे का ते आधी बघा.

---

कोपराचौकट

ठरलं. आधी टेप, भिंतीच्या तीन फ्रेम, एफ/२ आणि एफ/२.८ ला पट्टी. पट्टी बरोबर आली तरच कानस. एक शेवटचं: १३५ ची छोटी चौकट मधे दिसत राहते, तिचा त्रास होत नाही ना?

---

बारीक_कानस

५०/७५ च्या दाटीपेक्षा खूप कमी. १३५ चे कोपरे फाइंडरच्या मधल्या फोकसच्या पॅचभोवती बसतात, दोन रोलनंतर दिसेनासे होतात. एम२ वर तर ३५ एकटीच येते, आणि झाइस इकॉन झेडएम वरही तसंच.